जर्मन शिकायला जर्मनीत जाताय? कोर्सच्या आधी खोली ठरवा

शाईदौत

व्यनितून (खासगी निरोपातून) बऱ्याच जणांनी साधारण एकच प्रश्न विचारला: कॉलेजात जर्मन शिकतोय, एखादं सत्र किंवा एखादा उन्हाळा जर्मनीत काढायचाय, कुठला कोर्स चांगला? प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा धागाच काढते. बीए करताना मी एका सत्रासाठी लाइपझिगला आले होते, आता इथेच 'परभाषा म्हणून जर्मन' या विषयात एमए करतेय. त्यामुळे विद्यार्थी म्हणून आणि शिकवण्याच्या बाजूनेही हे सगळं रोज बघते.

माझ्या मते कोर्सची निवड दुय्यम आहे. वर्गात आठवड्याचे वीस-पंचवीस तास जातात, आणि कुठल्याही बऱ्या संस्थेत ते साधारण सारखेच जातात. जागेपणीचे उरलेले नव्वदेक तास कुठल्या भाषेत जाणार, यावर तुमचं जर्मन ठरतं.

जर्मनीत आता इंग्रजीवर निभावून जातं. बर्लिनच्या काही भागांत कॅफेतली ऑर्डरसुद्धा इंग्रजीत घेतात. विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांचा गट पहिल्याच आठवड्यात जमतो. व्हॉट्सॲप ग्रुप, सहली, गुरुवारच्या पार्ट्या, सगळं इंग्रजीत. ही मंडळी चांगली असतात, आधार देतात, त्यांना टाळा असं मी म्हणणार नाही. पण बी१, म्हणजे ए१ ते सी२ या पातळ्यांमधली तिसरी पातळी, घेऊन आलेली आणि सत्र संपल्यावर बी१ घेऊनच परत गेलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्यात काही कमी नव्हतं. त्यांच्या दिवसात जर्मनला जागाच नव्हती.

म्हणून आधी खोली. श्टुडिरेंडनवेर्क, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी बघणारी संस्था, तिच्या वसतिगृहाचा, म्हणजे वोनहाइमचा अर्ज भरताना बहुतेक ठिकाणी पसंती विचारतात: स्वतंत्र खोली-स्वयंपाकघर की सामायिक घर. आपल्याकडून जाणारी मुलं, आणि त्यांचे आईवडील त्याहून जास्त, स्वतंत्र खोलीवर खूण करतात. तसं करू नका. सामायिक घर, ज्याला सगळे 'वेगे' म्हणतात, ते घ्या. खासगी वेगे शोधत असाल तर जाहिरात नीट वाचा. 'त्स्वेक-वेगे' लिहिलं असेल तर तिथे माणसं फक्त भाडं वाटून घेतात, एकमेकांशी फारसं बोलत नाहीत. 'आम्ही अधूनमधून एकत्र जेवतो' असं लिहिलेलं घर तुमच्या कामाचं. खोली न बघता, करार हातात न येता अनामत पाठवू नका. 'मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरने येईल' ही गोष्ट ऐकलीत की तिथेच थांबा.

वेगेत नेमकं काय शिकायला मिळतं ते सांगते. आमच्या फ्रिजच्या दारावर 'पुट्सप्लान' लावलेला असायचा, साफसफाईचं वेळापत्रक. डावीकडे आमची नावं, वर चार रकाने: बाथरूम, स्वयंपाकघर, पॅसेज, कचरा. दर रविवारी संध्याकाळी चुंबक एक घर पुढे सरकायचे. कोणी परीक्षेमुळे आपली पाळी चुकवली की अदलाबदलीची बोलणी सुरू व्हायची. 'पुढच्या आठवड्यात तू माझं बाथरूम केलंस तर मी तुझा कचरा नेईन', 'तुला चालणार असेल तर', 'जमलं असतं तर बरं झालं असतं'. वर्गात ज्यांना सगळे घाबरतात ती कॉन्युंक्टिव्हची, म्हणजे जर-तरची रूपं तिथे उभ्याउभ्या, भांडी विसळताना वापरावी लागायची, कारण त्यांच्याशिवाय सभ्यपणे काही मागताच येत नाही. काच वेगळी, कागद वेगळा, ओला कचरा वेगळा, पिवळ्या पिशवीत वेष्टनं, यावर आमच्याकडे खरोखरची चर्चा व्हायची आणि त्यात बाजू मांडावी लागायची. एवढा सराव कुठलाही कोर्स देणार नाही.

दुसरं, गाव. म्युनिक, बर्लिन, हाम्बुर्ग ही नावं घरी सांगायला छान वाटतात. भाषेसाठी माझी पसंती गोटिंगन, मारबुर्ग, येना, हाले, ग्राइफ्सवाल्ड अशा विद्यापीठाच्या गावांना. गाव लहान, सगळं सायकलच्या अंतरावर, तीच माणसं पुन्हा पुन्हा भेटतात, आणि बेकरीतल्या बाईंना तुमच्याशी जर्मनच बोलायचं असतं. पूर्वेकडच्या गावांत भाडंही कमी. वोनहाइमची खोली साधारण २५० ते ४०० युरोंत मिळते, म्युनिकच्या खासगी बाजारात तेवढ्यात काही हाती लागत नाही.

तिसरं, आठवड्यातून दोन तरी ठिकाणं अशी धरा जिथे भाषा शिकणं हा विषयच नसेल. विद्यापीठाचं 'होखशूलश्पोर्ट' असतं, अगदी थोड्या फीमध्ये बॅडमिंटनपासून गिर्यारोहणापर्यंत सगळं. गायनवृंद असतात. मी गायनवृंदात जायचे. तिथे शेजारची आजी माझे उच्चार दुरुस्त करायची, कारण चुकीचा स्वर तिला गाण्यात ऐकवत नसे. ऊमलाउट, म्हणजे दोन टिंबांचे स्वर, मला तिने शिकवले. टांडेम, म्हणजे दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवणं, तेही करा, पण अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास तुमची, अशी वेळ लावून. नाहीतर समोरच्याचं इंग्रजी सुधारतं आणि तुमचं जर्मन आहे तिथेच राहतं.

आणि कोर्सबद्दल एवढंच: सत्रासाठी जाणाऱ्यांनी विद्यापीठाच्या भाषाकेंद्राचा, सत्र सुरू होण्याआधीचा सघन वर्ग जरूर घ्यावा. हिवाळी सत्राचा बहुतेक ठिकाणी सप्टेंबरमध्ये असतो. त्यानंतर जर्मन मुलांसोबतचा एक तरी नेहमीचा सेमिनार घ्या, निम्मं कळलं तरी.

---

कोरीपाटी

शाईदौतताई, अगदी वेळेवर धागा काढलास. मी एसवायला आहे, बी१ झालंय. माझ्यापुढे दोन पर्याय आहेत: टीवायच्या आधी उन्हाळी कोर्स, किंवा टीवायमध्ये आमच्या विभागाच्या करारातून एक सत्र. मी मुळात कमी बोलते, मराठीतसुद्धा. चार आठवड्यांत माझ्यासारखीला काही फायदा होतो का?

---

शाईदौत

होतो, पण मर्यादित. चार आठवड्यांत कान तयार होतो. बोलायला लागेपर्यंत परतीचं विमान आलेलं असतं. कमी बोलणाऱ्यांना तर सत्रच बरं. पहिले दोन महिने ऐकण्यात गेले तरी पुढचे उरतात.

मात्र उन्हाळी कोर्ससाठी डाडची, म्हणजे जर्मनीच्या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेची, शिष्यवृत्ती मिळत असेल तर ती सोडू नकोस. विद्यापीठांच्या उन्हाळी कोर्ससाठी आहे, त्यासाठी जर्मन बी१ लागतं आणि जायच्या वेळेपर्यंत पदवीची दोन वर्षं पूर्ण झालेली असावी लागतात. तू दोन्हीत बसतेस. अर्ज आधीच्या वर्षाच्या डिसेंबरच्या सुमाराला बंद होतात, त्यामुळे दिवाळीतच कागद गोळा कर. हायडेलबर्गचा ऑगस्टमधला कोर्स जुना आणि नावाजलेला आहे. तिथे विद्यापीठाची दक्षिण आशिया संस्थाही आहे. हिंदी शिकणारे जर्मन विद्यार्थी तिथे सापडतात, टांडेमसाठी उत्तम.

---

उंबरठा

माझी मुलगी याच वयाची आहे, जर्मन घेऊनच बीए करतेय. वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. अनोळखी मुलामुलींच्या घरात खोली, हे पचायला मला वेळ लागेल. ते बाजूला ठेवून विचारते: व्हिसा कुठला लागतो आणि पैसे किती दाखवावे लागतात? आमच्या ओळखीतल्या एका एजंटाने तर 'आधी तीन महिन्यांवर पाठवा, पुढचं तिथे गेल्यावर बघू' असं सांगितलं.

---

रूळपट्टी

उंबरठाताई, त्या एजंटाचं अजिबात ऐकू नका. मी बरीच वर्षं श्टुटगार्टला आहे, दर वर्षी कोणा ना कोणाच्या मुलांचे कागद बघून देतो, म्हणून सविस्तर लिहितो.

९० दिवसांच्या आतला कोर्स असेल तर शेंगेन व्हिसा. 'पुढचं तिथे गेल्यावर' त्यावर होत नाही. मुदत संपायच्या आत परत यावंच लागतं. त्याहून मोठा, निव्वळ भाषेचा कोर्स असेल तर राष्ट्रीय व्हिसा, आणि त्यासाठी कोर्स सघन हवा, आठवड्याला किमान १८ तासांचा. संध्याकाळचे किंवा शनिवार-रविवारचे वर्ग त्यात धरत नाहीत. विद्यापीठांच्या करारातून सत्रासाठी जात असेल तर विद्यार्थी म्हणून अर्ज. पुढे तिथेच पदवी करायची असेल आणि विद्यापीठाने 'आधी भाषा पूर्ण करा' या अटीवर प्रवेश दिला असेल, तर तोही अर्ज शिक्षणासाठीचाच करायचा, निव्वळ भाषा-कोर्सचा नाही. हा फरक मोठा आहे, कारण पुढचे हक्क त्यावर अवलंबून असतात.

पैसे बहुतेक जण ब्लॉक्ड अकाउंटमधून दाखवतात. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांसाठी महिना ९९२ युरो, म्हणजे वर्षाला ११,९०४. सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांना तेवढ्याच महिन्यांचे. निव्वळ भाषा-कोर्सवाल्यांना महिन्याला थोडे जास्त दाखवावे लागतात. ही फी नव्हे. पैसे तुमच्याच मुलीचे, दर महिन्याला ठरलेला हप्ता तिच्या हातात येतो. आकडा बदलत असतो, अर्जाच्या आधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघाच.

विमा: विद्यापीठात नाव नोंदवलेल्या तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सरकारी आरोग्य विमा मिळतो. निव्वळ भाषा-कोर्सवाल्यांना साधारणपणे खासगीच घ्यावा लागतो. खासगी घेताना नुसता स्वस्त बघू नका, दवाखान्याची किती रक्कम वगळली आहे ते वाचा.

काम: मार्च २०२४ पासून विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, भाषा-कोर्सवाल्यांना आठवड्याला २० तासांपर्यंत. किमान वेतन २०२५ मध्ये ताशी १२.८२ युरो होतं. पण एका सत्रासाठी येणाऱ्यांनी कमाईच्या भरवशावर येऊ नये, असं मला मनापासून वाटतं. काम घेतलंच तर जर्मन बोलावं लागेल असं घ्या: बेकरी, ग्रंथालय, मेन्सा (विद्यापीठाची खानावळ). गोदामात खोकी उचलून भाषा येत नाही.

आणखी एक. आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो फी आहे. करारातून येणाऱ्यांना ती माफ असते. ट्युबिंगन, फ्रायबुर्ग, हायडेलबर्ग बघत असाल तर हे आधी विचारून घ्या.

---

उंबरठा

किती मोलाचं लिहिलंत. सगळं उतरवून घेतलं. ती करारातूनच जाणार आहे, म्हणजे बराच भार कमी झाला. वेगेबद्दल तिच्याशी बोलते.

---

पानगळ

मी कॉलेजात जर्मन शिकवते. शाईदौतशी बऱ्याच अंशी सहमत, पण एका बाबतीत माझं मत वेगळं आहे. बी१ वर जाऊ नका. बी२ करून जा. बी१ वर माणूस स्वतःबद्दल बोलू शकतो. बी२ वर मत मांडू शकतो, वाद घालू शकतो. वर जे फ्रिजसमोरचं बोलणं वर्णन केलंय ते बी१ च्या विद्यार्थ्याला झेपत नाही. तो हसून मान हलवतो आणि खोलीत जातो. परदेशातले सहा महिने फार महाग आहेत, त्यातले तीन पाया पक्का करण्यात का घालवायचे?

दुसरं, मराठी मुलांना कळकळीने सांगते: जर्मन इंग्रजीतून समजून घेऊ नका. तीन लिंगं आपल्याकडे आहेत, त्यांच्याप्रमाणे विशेषणाचं रूप बदलणं आहे, क्रियापद शेवटी येणं आहे, तू आणि तुम्ही हा भेद आहे. 'डास' किंवा 'वाइल'ने सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं तेव्हा इंग्रजीतून विचार करणारा मुलगा अडखळतो. मराठीतून विचार करणाऱ्याला ते घरचं वाटायला हवं. पण आमची पुस्तकं इंग्रजी, वर्गातलं स्पष्टीकरण इंग्रजी, त्यामुळे हाताशी असलेला आधार मुलं वापरतच नाहीत. मी आता व्याकरण मराठीतून समजावते आणि फरक डोळ्यांना दिसतो.

परीक्षांबद्दल थोडक्यात, कारण हा प्रश्न येणारच. तिथे पदवीला प्रवेश हवा असेल तर टेस्टडाफ किंवा डेएसहा. टेस्टडाफ इथूनही देता येते, वाचन, श्रवण, लेखन, भाषण असे चार भाग, आणि बहुतेक विद्यापीठं चारही भागांत चौथी पातळी मागतात. त्यात बोलायचं ते संगणकासमोर, हेडफोन लावून. समोर हसून मान डोलावणारं कोणी नसतं, याचा वेगळा सराव करा. डेएसहा विद्यापीठं स्वतः घेतात, तोंडी परीक्षा माणसांसमोर होते, सामान्यतः डेएसहा-२ पुरते. कोरीपाटीसारख्या एका सत्रासाठी जाणाऱ्यांना यातलं काही लागेलच असं नाही, करारात काय पातळी लिहिली आहे तेवढं बघा.

---

शाईदौत

पानगळबाई, मराठीतून व्याकरण समजावण्याबद्दल शंभर टक्के. माझ्या शिक्षिकांनी हे केलं असतं तर माझे पहिल्या दोन वर्षांचे कष्ट निम्मे झाले असते.

बी२ बद्दल मात्र मी अडून राहणार. बी२ व्हायची वाट बघता बघता टीवाय संपतं, करार हातचा जातो, आणि मग एमएच्या वेळी बघू असं होतं. माझ्या बॅचमध्ये असंच झालं. चांगल्या बी१ वाल्याने जावं. पहिल्या महिन्यात तो खोलीत जाऊन बसेल हे खरं, पण तिथे खोलीबाहेर स्वयंपाकघर आहे आणि भूक रोज लागते. ए२ वर मात्र जाऊ नये, यात दुमत नाही.

---

तळटीप

+१ दोघींनाही. :-)

गोटिंगनला एक सत्र केलं होतं, इतिहास आणि जर्मन असे विषय. जर्मन मुलांसोबतचा सेमिनार घ्या हे शाईदौत यांनी एका ओळीत उरकलंय, त्यावर थोडं लिहितो. माझं जर्मन खऱ्या अर्थाने सेमिनारमध्येच वाढलं.

वेळापत्रकात '१० त्से-टे' लिहिलेलं असतं, म्हणजे तास सव्वादहाला सुरू होणार. 'एस-टे' लिहिलं तर बरोबर दहाला. वर्गात बोलणं अपेक्षितच असतं. प्राध्यापक बोलून झाले की मुलं बाकावर मुठीने टकटक करतात, तीच टाळी. प्रत्येकाला एक रेफेराट, म्हणजे सादरीकरण, आणि शेवटी हाउसआर्बाइट, बारा-पंधरा पानांचा निबंध, संदर्भांसह. हा निबंध बहुतेकदा सत्रानंतरच्या सुट्टीत लिहायचा असतो. हिवाळी सत्राचे तास फेब्रुवारीत संपतात आणि निबंधाची मुदत मार्चअखेरपर्यंत असू शकते. फेब्रुवारीत परत येणाऱ्यांचं इथेच फसतं. घरी आल्यावर ग्रंथालय नाही, विचारायला माणूस नाही, आणि इथल्या परीक्षा डोक्यावर. म्हणून विषय डिसेंबरमध्येच ठरवा आणि प्राध्यापकांच्या श्प्रेखश्टुंडेत, म्हणजे भेटीच्या तासाला, जाऊन मंजूर करून घ्या. बहुतेक विद्यापीठांत लेखनकेंद्रही असतं. तिथे वरच्या वर्गातली मुलं तुमचा मजकूर तुमच्यासोबत बसून वाचतात. चुका परस्पर दुरुस्त करून देत नाहीत, 'इथे तुला काय म्हणायचंय?' असं विचारत राहतात. त्या एका तासाचं मोल मला कुठल्याही व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा जास्त वाटलं.

आणि जायच्या आधी, सही-शिक्क्यानिशी, तिथले क्रेडिट इथे धरणार हे आपल्या विभागाकडून लिहून घ्या. तोंडी 'हो हो, बघू' वर जाऊ नका.

---

वळचण

एक शंका. दक्षिणेत गेलं तर बोलीभाषेमुळे जर्मन बिघडतं असं ऐकलंय. खरं का? बायर्नमधलं एक विद्यापीठ मिळतंय.

---

रूळपट्टी

बिघडत नाही. वर्गात, कचेरीत, बातम्यांत प्रमाण भाषाच असते. बाजारात, बसमध्ये बोली ऐकू येते आणि पहिले काही आठवडे काहीच कळत नाही, एवढंच. इथे तर इतकी वर्षं झाली तरी वरच्या मजल्यावरचे आजोबा रंगात आले की मला त्यांना थांबवावं लागतं. उलट ज्याचा कान एका बोलीला सरावला तो दुसऱ्या गावी लवकर रुळतो.

---

शाईदौत

घड्याळाची वेळ मात्र जपून. लाइपझिगच्या बाजूला 'फिर्टेल द्राय' म्हणजे सव्वादोन, सव्वातीन नव्हे. कचेरीत किंवा डॉक्टरकडे वेळ घेताना आकड्यात विचारून घ्यायचं: चौदा वाजून पंधरा ना?

---

कोरीपाटी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज विभागात विचारून आले. करारातून येना किंवा म्युनिक, दोन्हीकडे जागा आहे. बाबांचा कल म्युनिककडे आहे. मला येना घ्यावंसं वाटतंय. खोली मिळायला किती आधी हालचाल करावी लागते?

---

शाईदौत

येना. बाबांना रूळपट्टी यांचा पैशांचा प्रतिसाद आणि दोन्ही गावांची भाडी शेजारीशेजारी दाखव.

प्रवेशाचं पत्र यायची वाट बघत बसू नकोस. येना ज्या थ्युरिंगन राज्यात आहे तिथल्या श्टुडिरेंडनवेर्कच्या संकेतस्थळावर जाऊन वोनहाइमच्या अर्जाचे नियम आजच वाच, आणि विभागाकडून नाव गेल्याबरोबर अर्ज टाक. पसंतीत सामायिक घर.

---

रूळपट्टी

आणि खोलीची किल्ली घेतानाच घरमालकाच्या किंवा वोनहाइमच्या सहीचं वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग, म्हणजे तू तिथे राहायला आलीस असं पत्र, मागून घे. ते दाखवून दोन आठवड्यांच्या आत ब्युर्गरआम्टमध्ये, म्हणजे नागरिकांच्या कचेरीत, पत्त्याची नोंदणी करायची असते. भेटीची वेळ लवकर मिळत नाही, विमानाचं तिकीट झालं की लगेच ऑनलाइन घेऊन ठेव. खिडकीपाशी जर्मनमध्येच सुरुवात कर.